तांब्यावरचं नाव

महादेवी कोण, हे आज डॉक्टरांसमोर वदवून घ्यायचंच, असं ठरवून निंगव्वानं नवऱ्याला दवाखान्याच्या बाकावर बसवलं.

म्हातारपणी सवत! धोंडप्पाच्या तोंडी आताशा तेच एक नाव असायचं. सकाळी चहा घेताना महादेवी, दिवेलागणीला महादेवी. हाक मारायचा आणि निंगव्वाच्या तोंडाकडे बघत राहायचा. हिला संशय आलाय का, हेच बघत असणार. बाळीवेशीतली शेजारीणसुद्धा परवा दारात येऊन महादेवी हाय का म्हणून विचारून गेली. निंगव्वानं न्हाय म्हणून दार लावून घेतलं. सगळी गल्ली सामील होती.

आणि तो तांब्या! घरातल्या पितळी तांब्यावर कोरलं होतं, 'सौ. महादेवी धोंडप्पा'. ते 'सौ.' वाचून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. विटेच्या भुकटीनं घासघासून तिची बोटं सोलली, पण अक्षरं काही हटली नाहीत. त्या दिवशी धोंडप्पाच्या आमटीत तिनं मुद्दाम मूठभर मीठ घातलं. त्यानं ती मुकाट खाल्ली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

त्यात म्हाताऱ्याचं डोकंही बिघडत चाललं होतं. त्याचा चष्मा ज्वारीच्या डब्यात सापडायचा, दुकानाची किल्ली चुलीच्या राखेत. शेवटी तिनंच विषय काढला, डॉक्टरकडे चला म्हणून. त्यानं लगेच टोपी घातली. एवढ्या लवकर तयार झाला, हेही तिला खटकलं.

डॉक्टर तरुण होते. म्हाताऱ्या माणसांची आठवण तपासायची नवी रीत ते मुंबईहून शिकून आले होते. त्यांनी आधी निंगव्वालाच प्रश्न विचारले. नवऱ्याची भीड चेपावी म्हणून असेल, असं समजून तिनंही उत्तरं दिली. साल कोणतं म्हणाले, तर समोरच्या कॅलेंडरवर अठ्ठ्याहत्तर होतं, ते तिनं वाचून सांगितलं. मग लिंबू, किल्ली, छत्री असे तीन शब्द ध्यानात ठेवायला लावले. थोड्या वेळानं विचारलं, तर तिला एक लिंबूच आठवलं. आठवणार कसं? डोक्यात ती भवानी ठाण मांडून बसली होती.

"आजी, तुमचं नाव काय?"

"निंगव्वा." हे मात्र तिनं ठणकावून सांगितलं.

डॉक्टरांनी धोंडप्पाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"मला काय इचारताय? ह्यांचं बघा की," ती म्हणाली. "माझ्या संसारात दुसरी आणून बसवली ह्यांनी. इचारा, कोण हाय ती महादेवी."

ज्याच्यासाठी सारा जन्म घातला त्याला दुसरीच हवी होती, या विचारानं तिचा जीव जळत होता. पदरानं तिनं डोळे पुसले.

डॉक्टरांनी हळूच विचारलं, "आजोबा, महादेवी घरात कधी आली?"

धोंडप्पानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लग्नाच्या दिवशी," तो म्हणाला. "तांदळाच्या ताटात अंगठीनं तिचं नाव मीच लिवलं. तवर ही निंगव्वा हुती."