वाजवत राहा

संगीताच्या वर्गात युकुलेले हे छोटं गिटार शिकणाऱ्या मुलांत एका पोरीची बोटं सगळ्यांत हट्टी होती. दाबायची एक तार, दाबली जायची भलतीच. "चुकलीस तर चुकलीस, पण वाजवत राहा," बाई म्हणायच्या. त्यांच्या शब्दावर पोरीनं बोटांना घट्टे पडेपर्यंत सराव केला. कार्यक्रमाच्या दिवशी बाईंनी स्वतः तिचं युकुलेले सुरात लावून आणलं आणि पडदा उघडताना हातात दिलं. तिनं झोकात तारांवरून हात फिरवला, तर आवाजच नाही! वाकून बघते तो तारांखाली फळा पुसायच्या स्पंजची नीट कापलेली पट्टी दडपलेली. तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच दटावलं, 'हात हलवत राहा.' रडू गिळून ती गाणं संपेपर्यंत हात हलवत राहिली. बाहेर आईनं तिला कवटाळलं. "एवढ्या पोरांत मला तुझंच वाजवणं वेगळं ऐकू आलं गं!" पोरीनं हळूच आईची मिठी सोडवली.