सुरैयाचे जव

पातेल्यावरचं झाकण उचललं तसा भिजलेल्या जवाचा गोडसर वास स्वयंपाकघरभर पसरला. श्रीपादने थर्मामीटर आत बुडवला आणि चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला. "सहासष्ट. बरोबर," असं म्हणून त्याने पातेलं पुन्हा जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलं.

त्याची बायको वासंती ओट्याला टेकून उभी होती. समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर सुमीतचं तिरपं अक्षर होतं. पाच किलो जव, मोड आणून वाळवलेले. एक किलो मक्याचे पोहे. तासभर गरम पाण्यात, मग गाळणे, हॉप्सची कडवट फुलं घालून उकळणे, थंड झाल्यावर यीस्ट. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, घाई नको.

सुमीत श्रीपादचा धाकटा भाऊ. पुण्याला दोघं दर उन्हाळ्यात ही साधी, फिकट पिवळी बिअर घरीच करायचे. पुढच्या महिन्यात त्याला जाऊन वर्ष होणार होतं, आणि त्या दिवशी त्याच्या नावाने एक ग्लास भरायचा असं श्रीपादच्या मनाने घेतलं होतं. तेही रियाधमध्ये, जिथे एका बाटलीपायी नोकरी जाते, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना जातो, माणूस आत जातो. वासंतीने महिनाभर विरोध केला. मग एका सकाळी तो त्या चुरगळलेल्या कागदावर अलगद इस्त्री फिरवताना दिसला, आणि ती गप्प झाली.

बेल वाजली. दारात मुनाफ होता, बथा बाजारातला किराणा दुकानदार. खांद्यावर पोतं, मागे त्याची बायको सुरैया.

"उरलेले जव घेऊन आलो," मुनाफ म्हणाला. "ही म्हणाली, मीपण येते वहिनींना बघायला."

मोड आणलेले जव इथे कुठे मिळत नाहीत. म्हणून श्रीपादने त्याला सांगितलं होतं, वासंतीला मूतखडा झालाय, पुण्याच्या वैद्यांनी हे औषध दिलंय. मुनाफने बकऱ्यांच्या बाजारातून जव आणले. भिजवणं, मोड आणणं, गच्चीवर वाळवणं सगळं सुरैयाने केलं.

"वहिनी, आता कसं आहे दुखणं?"

वासंतीचा हात नकळत कमरेवर गेला. "बरं आहे आता."

"होणारच बरं. मी रोज पहाटे फजरची नमाज झाली की वर जायची. दाणे परतायची आणि दुवा मागायची, या एकेका दाण्याबरोबर माझ्या वहिनीचा खडा विरघळू दे." बोलता बोलता ती आत आलीसुद्धा. "काढा टाकलाय वाटतं! वास लिफ्टपर्यंत येतोय."

कोणी काही म्हणायच्या आत तिने झाकण उचलून पळीभर पाणी घेतलं, फुंकर घातली आणि चाखलं. "गोड आहे की हो! मला वाटलं, कडू असेल."

"मक्याचे पोहे घातलेत," श्रीपाद म्हणाला. तेवढंच एक खरं त्याला सांगता आलं.

मुनाफ पोतं ठेवायला कोपऱ्यात गेला. तिथे पांढरी बादली होती. तिच्या झाकणाला भोक पाडून वाकडी नळी बसवली होती आणि झाकणावर यीस्टचं पाकीट होतं. मुनाफने ते उचललं, उलटसुलट पाहिलं, होतं तसं परत ठेवलं. मग त्याची नजर भिंतीवरच्या कागदावर गेली. मंडणगडच्या मराठी शाळेत शिकलेला माणूस. त्याचे ओठ शेवटच्या ओळीपर्यंत हलताना वासंतीने पाहिले.

"चल सुरैया, असरच्या नमाजेची वेळ झाली."

"आत्ता तर आलो. वहिनींशी दोन शब्द तरी..."

"खलास. चल."

सुरैयाने जाता जाता वासंतीच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि हलकेच फुंकर घातली. वासंतीने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

सुरैया लिफ्टपाशी गेली. मुनाफ उंबऱ्यात थांबला.

"श्रीपादभाऊ, बावीस वर्षं काढली मी या मुलखात. दुकानाची मालाची गाडी माझ्या नावावर आहे. परवा पोलिसांनी थांबवून पोतं उघडायला लावलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, आजारी बाईचं औषध आहे."

"मुनाफभाई, मी..."

"मला काही सांगू नका. फक्त तिला कधी कळू देऊ नका. तिच्या दुवेचं तुम्ही काय केलंत, हे मला तिला सांगता यायचं नाही."

दार लागलं. मोबाइलवर गजर झाला. तास भरला होता. श्रीपाद हलेना, तेव्हा वासंतीनेच पातेल्याची चादर सोडली, मोठ्या टोपावर फडकं बांधलं आणि एकेक भांडं ओतत सगळं गाळून घेतलं. सोनेरी, स्वच्छ पाणी टोपात जमलं. अजून ते नुसतं जवाचं गोड पाणी होतं. श्रीपादने हॉप्सची पुडी हातात घेतली आणि तसाच उभा राहिला.

वासंतीने फुलपात्र बुडवून भरलं आणि उभ्याउभ्या, चटके सोसत, तळापर्यंत प्यायली. मग पुन्हा भरलं.

"काय करतेस तू?"

"औषध घेतेय."

"अगं, पंधरा लिटर आहे ते!"

"फ्रिजमध्ये जागा कर," ती म्हणाली.

श्रीपादने पुडी ओट्यावर ठेवली. फ्रिज उघडून तो खाली बसला आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागला.