अर्धी मात्रा

बायको गेल्यापासून मास्तरांनी चर्चच्या ऑर्गनला हात लावला नव्हता. पण मृतांच्या स्मरणाची उपासना, आणि दुसरं वाजवणार कोण? शेवटी मनाचा हिय्या करून बसले.

वर्षभरात प्रभूकडे गेलेल्यांची नावं वाचली गेली. तिचंही आलं. मास्तरांनी मान वर केली नाही, गीताची सुरावट तेवढी सुरू केली.

पहिल्या ओळीच्या तोंडाशी बोटं सवयीनं थबकली. तीस वर्षं ती गायकमंडळीत मागच्या रांगेत उभी राहायची आणि हमखास अर्धी मात्रा उशिरा उचलायची. तिला सांभाळून घ्यायला मास्तर सूर जरासा लांबवायचे. त्यापायी गायनाच्या बाईंची दोघांनीही पोटभर बोलणी खाल्ली होती.

आता कुणासाठी थांबायचं? आपल्यामुळे सगळ्यांचा ताल चुकला असणार, या विचारानं ओशाळून त्यांनी मागे पाहिलं. कुणीच गायला सुरुवात केली नव्हती. पुस्तकं उघडून सगळे गप्प उभे होते.

गायनाच्या बाई जवळ आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "घाई नको, मास्तर. तिला येऊ द्या, मग उचलू आपण."