वाळूची गोण

युद्धाचे दिवस होते आणि सापगावच्या मंगळूला कल्याणच्या छावणीत बॉक्सिंगच्या सामन्यात उतरायचं होतं. पलटणीतून परतलेले सुभेदार त्याचे उस्ताद झाले.

"नुसतं वजन उचललंस तर रेडा होशील, नुसता धावलास तर ससा. दोन्ही एकदम कर."

म्हणून तो रोज पहाटे वाळूची शिवलेली गोण पाठीवर घेऊन रानवाटेनं मुरबाड तालुक्याच्या हद्दीपर्यंत धावायचा, गोण तिथं उस्तादांनी उभ्या केलेल्या बैलगाडीत टाकायचा आणि मोकळ्या अंगानं धावत परतायचा. रोज नवी गोण कशाला, हे त्यानं कधी विचारलं नाही. उस्तादाला असलं विचारायचं नसतं.

एकदा हद्दीवर पोलिसानं त्याला धरलं आणि गोणीत सुरी खुपसली. भसाभस तांदूळ सांडला. तालुक्याबाहेर न्यायला बंदी असलेला आणि मंगळूच्या घरी महिनाभर न शिजलेला.

"माज्या उस्तादांना इचारा, सायेब!"

सुभेदारांना बोलावलं. त्यांनी मंगळूला नीट निरखून पाहिलं.

"कोण हा? मी नाही ओळखत."

कोठडीत आधीच दोघं बसले होते. मंगळूचे सोललेले खांदे पाहून एकानं सरकून जागा दिली.

"ये रे, बस. तुजा पन सामना कल्याणलाच काय?"