सर्व सदस्य उपस्थित

थोरल्यांच्या वकिलांनी सभेचं इतिवृत्त मोठ्याने वाचायला घेतलं आणि तिथेच त्यांचं चुकलं. वही नुसती पुढे सरकवली असती तरी भागलं असतं. पण वकिलांना स्वतःचा आवाज फार आवडायचा.

"सर्व सदस्य उपस्थित होते. कंपनीने नवे शेअर काढावेत व ते सर्व थोरल्या बंधूंनी घ्यावेत, असे ठरले. धाकट्या बंधूंनी स्वखुशीने संमती दिली."

सदस्य म्हणजे हे दोघे भाऊच. चार वर्षांपूर्वीच्या या ठरावाने धाकट्याचा अर्धा वाटा दहाव्या भागावर आला होता. धाकटा गेल्या वर्षी वारला. त्याच्या बायकोचं म्हणणं, अशी सभा झालीच नाही, वाटा घशात घातला. निवाडा करायला ती आणि थोरले यांनी मिळून एक निवृत्त न्यायाधीश बाई नेमल्या होत्या. इतिवृत्ताखाली सही लागते ती अध्यक्षांची, म्हणजे थोरल्यांचीच, आणि मेलेल्या माणसाला विचारायची काही सोय नाही. त्यामुळे सगळा भार त्या एका पानावर होता.

"आता पुढचं ऐका," वकील म्हणाले. "'निरोप घेताना धाकटे बंधू म्हणाले, दादा, जिने चढू नका, गुडघ्याला जपा. सभा खेळीमेळीत संपली.' बाई, खोटं लिहिणारा माणूस इतकं बारीकसारीक लिहील का?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धाकट्याची बायको हसली. ते हसणं खोलीत कोणालाच आवडलं नाही.

"अकरा वर्षं दोघांमधून विस्तव जात नव्हता," ती म्हणाली. "सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा एक या दाराने आला, दुसरा त्या दाराने गेला. आणि म्हणे खेळीमेळीत!"

बाईंनी वही स्वतःकडे ओढली आणि मागची पानं चाळली. दर वर्षीची सभा होतीच. एका वर्षी धाकट्याने थोरल्याचे मनापासून आभार मानले होते. एका वर्षी धाकट्याने कसलासा विनोद केला आणि 'सर्वांना हसू आवरेना'. दोन माणसांच्या सभेत सर्वांना.

"हे कोणी लिहिलं?"

भिंतीशी बसलेला कंपनीचा जुना कारकून उठला. कॉलरला कायम दोन टाचण्या खोचलेल्या असत म्हणून ऑफिसात त्याला टाचणीकाका म्हणत. आजही त्या होत्या.

"मी लिहिलं, बाई. मी आत नसतो. ठराव काय झाला ते थोरले साहेब सांगतात, मी वहीत उतरवतो."

"आणि हे आभार, विनोद, गुडघा? तेही त्यांनीच सांगितलं?"

"नाही, ते माझं." टाचणीकाका जरा ओशाळला. "नुसता ठराव फार कोरडा दिसतो. दोन सख्ख्या भावांची वही. त्यात चार गोड शब्द नकोत?"

वकिलांनी घाईघाईने सारवासारव सुरू केली. शोभेचं सोडून द्या, ठराव खराच आहे, माझे अशील शपथेवर सांगतील. बाईंनी हाताने त्यांना थांबवलं आणि थोरल्यांकडे वळल्या.

"तुमचे भाऊ त्या सभेला हजर होते का? हो की नाही, एवढंच सांगा."

हो म्हटलं तर कंपनी त्यांची. नाही म्हटलं तर धाकट्याचा अर्धा वाटा त्याच्या बायकोला परत, आणि खोट्या कागदावर सही केल्याचा ठपका वर. थोरले हो म्हणायलाच आले होते. सकाळी वकिलांनी त्यांच्याकडून ते तीनदा म्हणवूनही घेतलं होतं.

पण ते टाचणीकाकाकडे बघत होते.

"गुडघ्याचं कशावरून लिहिलंत?"

"धाकटे साहेब विचारायचे ना. महिन्याच्या कागदांवर सही करायला मागच्या जिन्याने माझ्या टेबलाशी यायचे. सही करता करता विचारायचे, दादाचा गुडघा कसा आहे? अजून जिने चढतो का? वर म्हणायचे, मी विचारलं ते त्याला सांगू नका."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"शब्द दिला होता, साहेब. म्हणून वहीत लिहिलं. म्हटलं, सही करताना तुमच्या वाचण्यात येईल."

थोरल्यांनी त्या वहीतलं एकही पान कधी वाचलं नव्हतं. वही समोर आली की ते सही करत आणि ती पुढे ढकलत.

"मला कधी बोलले नाहीत हे," धाकट्याची बायको म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही.

वकील थोरल्यांच्या कानाशी वाकले. "साहेब, विचारलंय तेवढ्याचं उत्तर द्या. एका शब्दात."

थोरल्यांनी बाईंपुढच्या वहीकडे एकदा पाहिलं.

"नव्हता," ते म्हणाले. "एकाही सभेला नव्हता."

वकिलांनी डोळे मिटून घेतले. बाईंच्या शेजारी बसलेल्या टंकलेखकाने शब्द टिपले. बाई वही मिटत होत्या, तेवढ्यात थोरले पुन्हा बोलले.

"मी बोलावलंच नव्हतं त्याला."

टंकलेखकाचे हात थांबले. त्याने बाईंकडे पाहिलं. "हे दुसरं वाक्य घ्यायचं का? प्रश्नात नव्हतं ते."

"घ्या," थोरले म्हणाले. "आधी ते घ्या."