हँडलची चिठ्ठी

मुलुंडच्या त्या बिल्डिंगमध्ये मोठी सुटकेस एकट्या सुगंधाकडे होती. भावाने लग्नात दिलेली. शेजारणींबरोबर ती लंडनला जाऊन आली, रोमलाही जाऊन आली. सुगंधा स्वतः मात्र सावंतवाडीच्या पुढे कधी गेली नव्हती.

आता वरच्या मजल्यावरची अनुपमा ती मागायला आली. तिच्या नवऱ्याला ट्रॉम्बेच्या ऑफिसातून व्हिएन्नाला पाठवत होते आणि ही बयाही बरोबर निघाली होती.

"राजवाडे आहेत गं तिथे! तीन आठवडे नुसतं फिरायचं, पोळ्या लाटायला नकोत की काही नको."

सुगंधाच्या पोटात दुखायला लागलं.

"कुलूप नीट लागत नाही तिचं," ती तुटकपणे म्हणाली.

"दोरी बांधीन ना!"

सुगंधाने स्टुलावर चढून माळ्यावरून सुटकेस काढली, पुसली. दारात देताना मात्र तिच्याच्याने हँडल सोडवेना.

"एक ऐक. विमानवाले हँडलला चिठ्ठी लावतात ना, ती येताना तशीच राहू दे. मागच्या दोघींनी फाडून टाकली."

"चिठ्ठी कशाला गं तुला?"

"मे महिन्यात नणंद येतेय राहायला."