रिलीजची चादर

सॉफ्टवेअरचं रिलीज म्हणजे ऑफिसात रात्रभर मुक्काम, या हिशेबाने त्याने आजही बॅगेत चादर कोंबली होती. जुन्या कंपनीत सहा महिन्यांचं काम एकदम साइटवर सोडायचं आणि सकाळपर्यंत निस्तरायचं; त्यात लेकीची सगळी नाटकं बुडाली. आजचंही बुडणार, असं बायकोला सांगितलंही होतं. नव्या टीमचा मात्र रोजचाच खेळ: इवलासा बदल केला, तपासला, सोडला. "सोडा काका!" पोरं ओरडली. त्याने डोळे मिटून क्लिक केलं. साइटवरून 'विकत घ्या'चं बटणच गायब! त्याने मुकाट्याने चादर काढली. "काका, कोडची एक ओळ चुकलीय फक्त!" चहा निवायच्या आत दुरुस्ती सुटली, बटण परतलं आणि तो चादरीसकट पळत सुटला. नाट्यगृहात तिसऱ्या घंटेआधीच पोचलेल्या नवऱ्याची चादर पाहून बायको दचकली. "नोकरी गेली?" "छे गं! रिलीज झालं," तो धापा टाकत म्हणाला, "तेही दोनदा!"